ताऱ्याभोवतीची धूळ आणि जेठजींचे पेढे

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर हातात पाटीऐवजी लाटणं आलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवते.

देवासला ह्यांची कारखान्यात नोकरी. लेक पुण्याला ताऱ्यांचा अभ्यास करायला गेली ती ह्यांच्या मोठ्या भावाच्या, आमच्या जेठजींच्या पैशांवर. त्यांचं मनावर गावी कापडाचं दुकान. आले की ह्यांना विचारत, "मिळाला का पोरीला गॅस? इथे तर नंबर लावला की टाकी घरी येते, भिया!" हे हसत. माझ्या मात्र पोळ्या करपत. कारण पुढचं वाक्य ठरलेलं, "यंदा नाही मिळाला तर परत बोलवा, लग्न करून टाकू."

लेकीने मला समजावलं होतं. जवळच्या काही ताऱ्यांभोवती धुळीचं कडं असतं. त्या धुळीत वायू उरलाय का, ते ती शोधत होती. उरला असेल तर तिथे मोठे ग्रह अजून घडू शकतात. वायू डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीला त्याची खूण तेवढी लागते.

एका दुपारी तिचा फोन आला. "आई, खूण दिसतेय. पण अजून पक्कं नाही." मी 'पक्कं नाही' हे सांगायच्या आत ह्यांनी भावाला कळवलंसुद्धा. जेठजींनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले.

मग पुन्हा फोन. आवाज बसलेला. "तो वायू ताऱ्याचा नाही गं. दोघांचा वेग जुळत नाही. मागे लांब एक ढग आहे, त्याचा. धूळ पुढच्या ट्रकची आणि वास भलत्याच गाडीचा, तसं झालं."

जेठजी आले तेव्हा हे ड्यूटीवर होते. मी त्यांच्याशी कधी बोलत नसे, दाराआडून चहा सरकवायची. त्या दिवशी मी दाराआडूनच म्हणाले, "वायू नव्हता. पण नव्हता, हेही तिनेच शोधलं. तिला परत बोलवू नका."

कपबशी वाजायची थांबली.

"आणि माझे पेढे?"

"तिच्या पगारातून."

"अरे वा, बोलता येतं तर!" ते हसले. लग्नाचं पुन्हा काढलं नाही.

इतर ताऱ्यांपाशीही तिला वायू मिळाला नाही. मोठे ग्रह घडायचे ते लवकरच घडून जात असावेत, असं तिने लिहिलं आणि त्यावरच तिला पदवी मिळाली. नोकरी लागल्यावर ती दर महिन्याला जेठजींचे पैसे पाठवू लागली.

शेवटचे पैसे मी स्वतः मनावरला नेले, वर पेढ्यांचा पुडा. त्यांनी आधी पुडा उघडला.

"मिळाला का पोरीला गॅस?"

"नाही," मी समोर उभी राहून म्हटलं, "पण तुमचे पैसे पूर्ण फिटले."