शॉकच्या खोलीबाहेरची गोपिकाबाई

आमच्या नागपूरच्या दवाखान्यात शॉकच्या खोलीबाहेर एक बाक होता. उपचाराच्या दिवशी सकाळी त्यावर गोपिकाबाई हजर. पेशंट आला की त्याच्या माणसांना अडवायची. "खरं सांग बाई, काही देल्लं तं नाही ना खायले? चहा? केळं?" माणसं दचकायची. कोणी तिला अवलक्षणी म्हणून हाकलायला सांगायचं. मी तिथली सिस्टर; मी हाकलायला सांगणाऱ्यांनाच झापायची.

१९७२ साली ती पारशिवनीहून नवऱ्याला घेऊन आली. रुपराव टेलर, हाताला मोठी सफाई. पण आदल्या दिवाळीनंतर त्याचं मशीन थांबलं, मग बोलणं, मग जेवण. गोपिका घास भरवायची, तो गालातच राहायचा. एकदा तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. तेव्हापासून ती त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायची.

आमचे डॉक्टर खोब्रागडे तेव्हा विजेच्या उपचारावर संशोधन करत होते. पूर्वी पेशंटला जागेपणीच चौघांनी दाबून शॉक द्यायचे, हाडं मोडायची. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देऊन शॉक देऊ लागले. खोली शांत झाली. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटायची. झोपलेल्या माणसाच्या पोटातलं उलटून श्वासनळीत गेलं, तर त्याला खोकताही येत नाही.

डॉक्टर गोपिकाला म्हणाले होते, "ज्या दिवशी हा स्वतः खायला मागेल, त्या दिवशी समजा, गाडी रुळावर आली." त्या दिवसाची ती डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती.

पोट रिकामं ठेवायचं, हे समजावणं नत्थूजी वॉर्डबॉयकडे होतं. खेड्यातल्या माणसांना चटकन कळावं म्हणून तो सांगायचा, "एकादशीले धरता नं, तसा उपास धरा." डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळ्यांच्या कानांवर ते पडायचं. एकालाही त्यात धोका दिसू नये, याचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या शॉकनंतर रुपराव खिडकीबाहेर बघू लागला. चौथ्या शॉकच्या सकाळी तोंड धुताना म्हणाला, "गोपे, भूक लागली वं."

तिच्या हातातला तांब्या सुटला. पण उपास मोडायचा नव्हता, म्हणून भाकरीला तिने हात लावला नाही. ती स्वतःही त्याच्यासाठी उपास धरत होती. साबुदाणा भिजवलेला होताच. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेल्या पडवीतल्या चुलीवर तिने उसळ केली, दाण्याचा कूट भरपूर घातला. तो मागून मागून खात होता.

शॉकच्या खोलीच्या दारात नत्थूजीने विचारलं, "उपास पाळला नं वं बाई?"

"पाळला गा भाऊ. दोघायनंही."

तिचा चेहरा फुललेला होता. मी रुपरावला आत नेलं.

इंजेक्शन दिलं, कळ दाबली. त्याचं अंग थरथरलं आणि तोंडातून पांढरे दाणे बाहेर आले. डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं, बोटांनी घसा मोकळा केला, नळी घातली. तो निळा पडत गेला. खूप वेळ कोणी हात थांबवले नाहीत. मग डॉक्टरांनीच थांबवले.

ते बाहेर आले तशी गोपिका उठून उभी राहिली. "जागले काय जी डॉक्टरसाहेब? आज मागून खाल्लं त्यायनं. तुमी म्हनलं होतं नं?"

डॉक्टर त्या बाकावर बसले.

नत्थूजीने पुन्हा एकादशीचं नाव काढलं नाही. गोपिका गावी रुपरावचे दिवस करून परत आली आणि त्याच बाकावर बसू लागली. डॉक्टरांनी तिला कधी उठवलं नाही.

एकदा एक आई तिच्यावर उखडली. "काऊन मांगं लागली वं? माहा पोरगा खायलेच मागत नाही, तं देऊ काय?"

गोपिकाने तिचा हात धरला. "मागन बाई तो एक दिवस," ती म्हणाली. "त्याच दिवशी जपजो."