कडक बटण

मोहफुलांचा वास आला की मला ती टॉर्च आठवते. आई पहाटे अंधारातच मोहफुलं वेचायला जंगलात जायची, आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही यायची. म्हणून मी तिच्यासाठी साकोलीच्या दुकानात स्वस्तातल्या चार टॉर्च लावून पाहिल्या आणि सगळ्यांत लांब उजेडाची घेतली. तिची जुनी भंगारात देऊन टाकली. महिनाभराने शेजारची काकू म्हणाली, “तुही माय माह्याच उजेडात चालते. मी नसली का अंधारात जाते. तुह्या टॉर्चचं बटन तिच्या अंगठ्यानं दबतच नाही.” दुकानात ते मी माझ्या अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. “काहून नाही सांगतलं वो माय?” मी आईला विचारलं. ती म्हणाली, “तू एवढ्या हौसेनं आणली होती, बापू.” दुसऱ्याच दिवशी मी तिला हलक्या बटणाची टॉर्च आणून दिली, तीच तिने शेवटपर्यंत वापरली. आई आता नाही. ती पहिली टॉर्च रोज माझ्या खिशात असते, बटण अजून तेवढंच कडक.