वजनकाट्यावरचा दिराचा आवाज

डूख नागीण धरते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी वहिनींना पाहिलेलं नाही.

वहिनी म्हणजे अनाथ रानपिल्लांच्या आश्रमातल्या दुधाच्या खोलीच्या मालकीणच. आई गेलेली पाडसं, ससे, रानमांजरं, सगळ्यांची बाटली त्यांच्या हातची. जेवढ्या जाती तेवढी दुधं. सशाला सायीसारखं दाट, पाडसाला शेळीच्या जवळचं, कोल्ह्याला कुत्रीच्या जवळचं. "गाईचं दूध गाईच्या वासराला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. हे त्यांना एका पाडसाने शिकवलं होतं, मरून.

ते पाडस त्यांनी आश्रमात येण्याआधी घरी वाढवलं होतं, मागच्या पडवीत, शेळीच्या दुधावर. वहिनी जरा माहेरी गेल्या आणि त्यांच्या धाकट्या दिराने ते उचलून हमरस्त्यावरच्या आपल्या लॉजच्या अंगणात नेलं. गिऱ्हाइकांना करमणूक! जो तो त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून गाईचं साखर घातलेलं दूध पाजी. वहिनी परतल्या तेव्हा पाडसाचं पोट ढोलासारखं झालं होतं आणि पाय ताठ.

वर दीर जेवणाच्या टेबलाशी सगळ्या घरादेखत म्हणाला, "वहिनींच्या हाताला गुणच नाही हो! काय पाजत होत्या कोण जाणे."

सासूबाईंनी मान डोलावली. झालं. पुढे घरात पुतणे झाले, भाचरं झाली, पण बाटली भरायला वहिनींना कुणी सांगितलं नाही. त्या पदराआड दातओठ खात राहिल्या.

आणि एके सकाळी तोच दीर बुटांच्या खोक्यात कोल्ह्याचं पिल्लू घेऊन आश्रमाच्या दारात! कोल्हीण त्याच्याच गाडीखाली गेली होती.

"वहिनी, वाढवा याला. मोठं झालं की माझं मला द्या. अंगणात साखळीला बांधतो, गिऱ्हाइकं फोटो काढतील."

आश्रमाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, इथली पिल्लं रानात परत जातात."

"आश्रमाची जागा कुणाची, बाई?" दीर हसला. जागा त्याचीच होती. डॉक्टरीणबाई छताकडे पाहू लागल्या.

वहिनी मात्र गोड हसल्या. त्यांचे यजमान तिथे असते तर ते हसू पाहून घराबाहेरच पळाले असते.

"भाऊजी, एक करू. दात येऊन मांस खायला लागलं की तुम्ही या. हाक मारा. आलं तुमच्याकडे तर तुमचं. नाही आलं तर रानाचं. आहे कबूल?"

"कोल्हं आहे ते वहिनी, वाघ नव्हे. हाक मारीन नि खिशात घालीन!" दिराने सगळ्यांसमोर शब्द दिला.

पिल्लू गारठलेलं होतं. गार पोटात दूध नासतं, म्हणून वहिनींनी आधी ते उबेला ठेवलं. मग नुसतं मीठ-साखरेचं पाणी, मग पातळ दूध, मग हळूहळू पुरतं. भुकटी चमच्याने नाही, काट्यावर तोलून, कारण चमचा कधी दाबून भरतो, कधी सैल. पाणी कोमट, कढत नव्हे. घुसळून झालं की फेस बसेपर्यंत दम धरायचा, नाहीतर पोटात वारा धरतो. मनगटावर थेंब टाकून पाहायचा. आणि पाजायचं पालथं. उताणं कधीच नाही! असं पाजताना प्रत्येक वेळी त्यांना ते पाडस आठवे, आणि राग पुन्हा ताजा होई.

पाजताना अवाक्षर काढायचं नाही, हा खोलीचा नियम. दुधासोबत माणसाचा आवाज कानात गेला की पिल्लू माणसाला आई समजतं आणि पुढे शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडतं.

आता दिराची जित्याची खोड. तो फोनवर बोललेले निरोप धाडी. "वहिनी! माझा राजा जिवंत आहे ना? तुमच्या हाताचा काय भरवसा, ह्या ह्या ह्या!"

पहिला निरोप ऐकून वहिनींचे कान तापले. दुसरा ऐकून डोळे लकाकले. शत्रूने आयतं कोलीत हाती दिलं होतं!

पिल्लाला दोन गोष्टींचा भयंकर तिटकारा. एक, ओल्या गार कापसाने ढुंगण पुसणं. दुसरी, वजनाच्या काट्याची थंडगार थाळी. दूध पाजून झालं, तोंड मिटलं, की वहिनी कापूस घेत, पिल्लाला थाळीवर ठेवत आणि फोन चालू करत. "माझा राजा! ह्या ह्या ह्या!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा दारातून पाहिलं. "हे काय चाललंय?"

"शिकवणी," वहिनी म्हणाल्या. "मोटारवाल्या माणसाचा आवाज ओळखायला नको त्याला? जगायचंय ना?"

बाईंनी हळूच दार लावून घेतलं.

दीर ठरल्याप्रमाणे आला. सोबत सासूबाई, दोन पुतणे, हातात नवीकोरी साखळी. पिंजऱ्याचं दार उघडलं. पिल्लू आता झुबकेदार शेपटीचं, तुकतुकीत झालं होतं. ते ऐटीत बाहेर आलं, नाक वर करून हुंगू लागलं.

दीर उकिडवा बसला. "ये रे माझ्या राजा! ह्या ह्या ह्या!"

पिल्लाच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. ते फिसकारलं, दिराच्या नव्या बुटावर मुतलं आणि कुंपणाच्या खालच्या फटीतून रानात असं गेलं, की शेपटीचं टोकही धड दिसलं नाही.

पुतणे खो खो हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय पाजलंत त्याला?" दीर ओरडला.

"जे तुम्ही माझ्या पाडसाला पाजलं नाहीत ते," वहिनी म्हणाल्या. "आणि पालथं धरून पाजलं. सासूबाई, ऐकताय ना? पाडसाला यांच्या गिऱ्हाइकांनी उताणं धरून साखरेचं दूध पाजलं होतं."

दिराने साखळी गुंडाळली. सगळ्यांदेखत नजर चुकवत तो गाडीकडे निघाला. सासूबाई जाता जाता दारात थांबल्या. "धाकट्या सुनेचं बाळ दूध ओकतंय गं. येशील का बघायला?"

"येईन," वहिनी म्हणाल्या. "पण भाऊजींनी ताटं वाढायची, मी येईन तेव्हा."

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "झालं समाधान?"

तेवढ्यात फोन वाजला. दिराचा नवा निरोप. चांगला लांबलचक, शिव्याशाप घातलेला. वहिनींनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि जपून ठेवला. दुपारीच आश्रमात कोल्ह्याची आणखी दोन पिल्लं आली होती.