वरवट बकालला वांगी घेऊन जाताना

जानेवारीत वरवट बकालला लोक भरीत खायला जातात. पुण्याहून सोबत वांगी घेऊन जाणारा माझ्याआधी कोणी झाला असेल, असं वाटत नाही.

कारण मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. दिवाळीच्या फोनवर ती म्हणाली, "आपल्या वांग्याचं बी गेलं, बाप्पा." आमच्या घरचं ते हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं. दरवर्षी मळ्यातलं एक चांगलं फळ हेरून मोठी आई त्याच्या देठाला चिंधी बांधायची. ते फळ बियाण्याचं. पिवळं होईस्तोवर झाडावरच राहायचं. जावई जेवायला आला तरी त्याला कोणी हात लावत नसे. मागच्या हिवाळ्यात ती अकोल्याला दवाखान्यात होती. चिंधी कोणी बांधली नाही आणि सगळी वांगी बाजारात गेली.

मी विषय बदलला. त्याच बियाण्याची तीन झाडं माझ्या बाल्कनीत होती. पण शेजाऱ्यांच्या कुंडीत जांभळी वांगी आहेत आणि मधमाश्यांना सोसायटीचे नियम लागू नाहीत. माझं बी शुद्ध राहिलंय की नाही, कोण सांगणार? ऐंशीच्या बाईला फोनवर आशा दाखवायची आणि पुढे वांगं भलतंच निघायचं, हे नको होतं. शेवटी बियांची पुडी आणि दोन ताजी वांगी डब्यात घालून निघालो.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून नागपूरकडे जाणारी, मलकापूरला सकाळी उतरवणारी गाडी धरा. स्टेशनबाहेर गरम आलूबोंडा मिळतो, तो उभ्यानेच खावा. तिथून नांदुऱ्यावरून जळगावची एसटी. हे जळगाव जामोद. खानदेशातलं जळगाव समजून बसलात तर दोष माझा नाही. पुढे काळीपिवळी जीप. स्टेशनपासून सगळं मिळून दोनशेच्या आत भागतं.

एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने डब्यात डोकावून पाहिलं.

"वांगे कुठून आणले?"

"पुण्याहून."

"अन् नेऊन कुठं राह्यले?"

"वरवटले."

त्याने डब्याचं झाकण लावून दिलं. मग म्हणाला, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

वरवटला मोठी आई ओट्यावर तूर निवडत होती. आधीपेक्षा निम्मी झालेली. मी डबा पुढे केला. तिने वांगं उचललं, देठावरचे काटे अंगठ्याने चाचपले, रेघा उन्हात धरून पाहिल्या. "काटे तं आपलेच हायेत," एवढंच म्हणाली. पण खात्री जिभेची.

वहिनीने, म्हणजे मोठ्या आईच्या सुनेने, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली. तिचा चेहरा उतरलेला. "मले वाटलं भाऊजी, नर्सरीतून रोपं भेटतेतच. मले काय माहीत?" तिला कोणी बोललं नव्हतं, तेच तिला जास्त लागलं असावं.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कांद्याची पात, भरीत. मोठ्या आईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी चाळीस मुलांच्या तोंडी परीक्षा एका दिवशी घेतल्या आहेत. परीक्षा देणाऱ्याला काय वाटतं ते या घासाला कळलं.

"आपलंच हाय," ती म्हणाली. मग दुसरा घास. "पण अळणी झालं रे. तुह्यासारखं."

वहिनी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

अळणी होणारच. पुण्याचं पाणी गोडं, हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी इतकं खारट की पिण्यासाठी आता घरोघरी जार येतो. लहानपणी याच पाण्याला आम्ही शिव्या दिल्या. पुण्यात गेल्यावर पहिल्या वर्षी मी कुंडीत चिमूटभर मीठ टाकून पाहिलं, तर झाड चार दिवसांत गेलं. जन्मभूमीच्या थोरवीचं सुभाषित मी वीस वर्षं वर्गात शिकवतोय. त्यात खाऱ्या पाण्याचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना विहिरीवर जाऊन बाटली भरली. मोठ्या आईने पाहिलं.

"हे काऊन?"

"झाडांना घालीन. थोडं थोडं."

तिने बाटली माझ्या हातून घेतली आणि तुळशीपासून लांब, उकिरड्याकडे रिकामी केली. "मरन ते. त्याले तिकडच्या पाण्याची सवय झाली आता." मग पुडी सोडून अर्धं बी राखेत मळलं, वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चिंधी यंदा तू बांधजो." उरलेलं अर्धं माझ्या खिशात.

"मी तुमच्यासाठी आणलंय सगळं."

"राहू दे तिकडं अर्धं. इकडचं गेलं, तं मांगायले कोणी लागते."

पंचवीस वर्षं मी पुण्यात राहतो. सणाला, लग्नाला, मयताला उशिरा पोचणारा माणूस अशीच गावात माझी ओळख. माझ्या लांब असण्याचा घराला काही उपयोग होईल, हे कधी मनात आलं नव्हतं. परतीच्या गाडीत पुणे येईपर्यंत मी खिशावरचा हात काढला नाही.

घरी आलो त्या दिवशी झाडावर एकच मोठं वांगं होतं. बायको सुरी घेऊन बाल्कनीत आली आणि थबकली. देठाला माझ्या जुन्या सदऱ्याची चिंधी होती.

"मग आज भाजी कसली?"

"बटाटा," मी म्हणालो.