बोटीनेच जाणार

नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या त्या बाईला माहेरी सगळे आडमुठी म्हणायचे, आणि सासरीही ते नाव आपसूक पोहोचलं होतं. तिचं काम खाडीपलीकडच्या नाट्यगृहात. जाणं-येणं बोटीचं.

एका धुक्याच्या सकाळी ती बोट बुडाली आणि आडमुठीच्या थोरल्या बहिणीचा नवरा गेला. भावजींची ओळख पटवायला आडमुठीच गेली. ताईच्याने ते झालंच नसतं. मग नवी बोट आली, पण तिच्यात चढतो कोण? सगळं गाव घाटातल्या बसने जाऊ लागलं.

आडमुठीही पंधरवडाभर बसने गेली, वळणावळणाला जीव मुठीत धरून. एके दिवशी दरीत कोसळलेल्या ट्रकच्या बाजूने बस पुढे गेली. कुणी मान वळवून पाहिलं नाही. सगळे आपले बोटीबद्दलच बोलत होते! घरी आल्या आल्या तिने जाहीर केलं, "उद्यापासून मी बोटीने."

"डोकं ठिकाणावर आहे का?" नवरा ओरडला.

"अहो, घाटात दर वर्षी माणसं जातात. एकेकटी जातात, म्हणून विसरतो आपण. बोट माझ्या आठवणीत एकदाच बुडाली."

तिथेच बसलेली ताई ताडकन उठली. "एकदाच? त्या एकदात माझं सगळं गेलं!"

आडमुठी हटली नाही. "भावजी माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाहीत, ताई. म्हणूनच घाट सोपा वाटतोय आपल्याला. भीती म्हणते म्हणून मी जास्त धोक्याच्या वाटेने नाही जाणार. धुकं असेल त्या दिवशी मात्र घरी बसेन."

सकाळी ऊन लख्ख होतं. धक्क्यावर ताई उभी, हातात तरंगायचं जाकीट. तिने ते बहिणीच्या अंगात चढवलं आणि बंद इतके आवळले, की आडमुठीला श्वास घेता येईना.

संध्याकाळी ती सुखरूप परतली. नवरा म्हणाला, "जिंकलीस बाई."

"एका खेपेने कुणी जिंकतं का? बुडाले असते तरी माझं चुकलं नसतं. आणि उद्या पुन्हा जाणार."

हळूहळू बोट भरू लागली. ताई मात्र कायम बसनेच गेली. आडमुठीने तिला कधी आग्रह केला नाही, आणि दुसऱ्या कुणी ताईला भित्री म्हटलं तर त्याची धडगत नसे.