भांगाच्या दिवसांची ओळ

भूतखेत, संकेत वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... अजूनही फारसा नाही. मी प्रोग्रॅमर आहे. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की चूक माझीच असणार, हे धरून चालते. तरी हे लिहायला घेतलंय.

आमचं घर आरोंद्याला, अगदी खाडीला लागून. पप्पा शाळेत गणित शिकवायचे. गावातला पहिला कॉम्प्युटर बहुतेक आमच्याच घरी आला असेल. त्याच्या काळ्या टर्मिनलवरच्या एडिटरमध्ये पप्पा मालवणी शब्द लिहून ठेवायचे... एका विषयाची एक फाइल. माऊसला हात लावू द्यायचे नाहीत. मला मांडीवर घेऊन शिकवायचे — "ओळी उचल. एका अक्षराच्या नावावर ठेव. आता दुसरी फाइल उघड, आणि सोड!" कॉपी केलेल्या ओळी तो एडिटर त्या अक्षराच्या नावाने लक्षात ठेवायचा; तिकडे उमटल्या की मी टाळ्या पिटायची.

पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे शब्द छापून नातेवाइकांना द्यायचे असं मम्मीने ठरवलं, म्हणून मागच्या जानेवारीत रजा काढून मी घरी गेले. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क अर्धी खराब झाली होती. वाचल्या तेवढ्या फाइल्स माझ्या नव्या लॅपटॉपवर घेतल्या. भांडी, भाज्या, मासळी, सगळं होतं. खाडीच्या पाण्याचे शब्द मात्र नव्हते. शोध घेतला, वह्या चाळल्या... काही नाही.

"माका इचारून इचारून लिवलले गो ते," मम्मी रोज म्हणायची. "माझो बापूस होडयेवालो, म्हणान. बघ ना परत."

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते. मम्मी कोकमाची सोलं निवडत होती. मासळीच्या फाइलीतल्या बारा ओळी मी उचलल्या — पेडव्यांपासून शेंगटीपर्यंत — 'a' या अक्षरावर ठेवल्या, पुस्तकाची फाइल उघडली आणि सोडल्या.

आल्या एकोणीस ओळी. मासळीचा एकही शब्द नाही. भरती, सुकती, उधाण... आणि 'भांग — पाण्याक ओढ नसता ते दिवस.' त्यापुढे पप्पांच्या सवयीप्रमाणे वापराचं वाक्य: 'भांग आसा, रोझीचो बापूस घराक आसा, आज थंय जावक नको.'

रोझी म्हणजे मम्मी.

मी मोठ्याने वाचलं. मम्मीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "अगो बाये! ह्यां पण लिवलां काय त्यांनी?" ती लाजून हसायला लागली, मग पदराने डोळे पुसले. "भांगाक मासळी गावना नाय, म्हणान माझो बापूस होडी काढी नसे. दिसभर पडवेत बसलेलो. मगे तुझे पप्पा सायकल घेवन रस्त्यावरसूनच परत जायत. लग्नाच्या आधीची गजाल ती... कोणाक सांगूक नाय मी."

मलाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

मी तेच अक्षर पुन्हा सोडलं. या वेळी मासळीच्या बारा ओळी आल्या, जशा यायला हव्यात तशा. नंतर पन्नासदा करून पाहिलं. प्रत्येक वेळी मासळीच.

"सेव्ह केलंस मगे?" मम्मीने विचारलं. आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेली बाई! त्या एकोणीस ओळी मी तेव्हाच सेव्ह केल्या होत्या.

ऑफिसातल्या जाणत्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं, आधी कॉपी केलेलं राहिलं असेल. पण लॅपटॉप नवा होता, पप्पांचा तो एडिटर मी त्याच आठवड्यात त्यावर टाकला होता, आणि पुस्तकाच्या फाइलीखेरीज 'भांग' हा शब्द त्या मशीनवर कुठेच नव्हता... मी स्वतः शोधला होता. कुणी म्हणालं, तूच टाइप केलं असशील. मला तर भांगाचा अर्थही माहीत नव्हता.

पुस्तिका छापून झाली. छापायच्या आधी मम्मीला विचारलं होतं, ते वाक्य काढू का? ती म्हणाली, "ऱ्हवांदे. आता बापूस खंय आसा रागावक?"

कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही.