स्टेजवरून पुकारलेलं नाव

रविवार, १९ जानेवारी २०२५, अमरावती. बोचरी थंडी. नळाला पाणी उशिरा आलं. तुरीच्या शेंगा आणून सोलल्या. संध्याकाळी कौशल्या वानखडे टीव्ही बघायला येणार.

दुपारी एवढंच लिहून वही मिटली होती. बाकीचं आता लिहिते.

कौशल्या आमच्याच गल्लीत राहते. तिचे यजमान सुदामराव मूळ अकोल्याचे, एसटीत कंडक्टर. हौशी नाटकांत कामं करता करता ते एका मालिकेत गेले आणि तिथे त्यांनी रंगवलेला भांडकुदळ वऱ्हाडी शेजारी घरोघरी ओळखीचा झाला. त्या कामाला वाहिनीचा पुरस्कार मिळाला. सोहळा मुंबईत होता. मुलाला, श्यामला, ताप होता म्हणून कौशल्या घरीच राहिली, आणि टीव्हीवर नाव पुकारायच्या नेमक्या वेळी लाईन गेली. टाळ्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत, असं ती अजून सांगते.

ते नाव तिनं स्वतः कधी उच्चारलं नाही. राशनच्या दुकानातही ती "श्यामचे बाबा" एवढंच म्हणायची आणि दुकानदार समजून घ्यायचा. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, नवऱ्याला नावानं हाक मारायचे. त्यावरून ती माझी फिरकी घ्यायची. "बाई, साहेबाले तुमी नावानं बलावता, थे वळून पायते तरी काय?"

मागच्या पावसाळ्यात सुदामराव गेले. तेव्हापासून तिच्या टीव्हीवर चादर आहे. आज अकोल्याहून श्यामचा फोन आला. वर्षभरात गेलेल्या पुरस्कारविजेत्या कलावंतांना यंदाच्या सोहळ्यात आदरांजली आहे, त्यात बाबाही आहेत. कौशल्याला चेहरा बघायचा नव्हता, चेहरा घरच्या फोटोत आहे. त्या स्टेजवरून ते नाव एकदा कानांनी ऐकायचं होतं.

कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा घेऊन ती आली आणि खुर्ची सोडून सतरंजीवर बसली. नाचगाणी झाली, जाहिराती झाल्या. मग दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली. एकेक चेहरा येत होता, निवेदिका नाव घेत होती. बातम्या देणारे एक म्हातारे गृहस्थ दिसले, तेव्हा कौशल्या हळहळली, हेही गेले म्हणून. त्यानंतर सुदामराव आले, तिरप्या टोपीत, हसणारे.

"सुदाम वानखेडे," निवेदिका म्हणाली. खाली अक्षरंही तशीच होती. लगेच पुढचा चेहरा आला.

मुंबईकडच्या तोंडात वानखेडेच बसलेलं आहे. आमच्याकडचं वानखडे त्यांना लिहिणाऱ्याची चूक वाटते. मी आवाज कमी केला. एका मात्रेचा तर फरक, असं काहीतरी मी बोलले. बोलायला नको होतं.

"वानखेडे कोन?" कौशल्यानं विचारलं. तिची नजर टीव्हीवरच होती, तिथे आता गाणं लागलं होतं. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि बसल्या जागेवरून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "वानखडे. सुदाम किसनराव वानखडे."

आणि रडायला लागली. तेराव्याच्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ खाली बसले.

निघताना ती दारात थांबली. "बाई, आता नाव घेतलं तं चालते ना?"

चालतं, मी म्हटलं.

कौशल्याचा डबा इथेच राहिला. घासून ओट्यावर पालथा घातला आहे.